शिकारीसाठी आणि रानात बाळगण्यासाठी हँडगनचे कॅलिबर कसे निवडावे

हँडगन म्हणजे हातात धरून चालवायची छोटी बंदूक आणि कॅलिबर म्हणजे तिच्या काडतुसाचा प्रकार, ढोबळमानाने गोळीचा व्यास. शिकारीची हँडगन आणि रानात अंगावर बाळगायची हँडगन ही दोन वेगळी कामे आहेत. कॅलिबर निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका ही दोन कामे एकच समजल्याने होतात. शिकारीत प्राणी, अंतर आणि क्षण तुम्ही निवडता. बंदूक दोन किलोची असली, नळी आठ इंची असली, वर दुर्बीण बसवलेली असली तरी चालते, कारण तुम्ही बसून, हात टेकवून, श्वास सावरून एकच बार काढणार असता. बाळगायच्या बंदुकीचे उलटे आहे. मासे पकडताना, लाकडे गोळा करताना, तंबू ठोकताना ती दिवसभर अंगावर हवी. तिथे अंतर प्राणी ठरवतो. धावून येणारे ग्रिझली अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकते, म्हणजे ३० मीटर अंतर दोन सेकंदांत संपते. म्हणून दुकानात जाण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणता प्राणी, जास्तीत जास्त किती अंतर, आणि बंदूक किती तास अंगावर राहणार.

चौथी गोष्ट नियम. हँडगनने शिकार हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत रुजलेला आहे आणि तिथे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. कुठे किमान कॅलिबर ठरलेले असते, कुठे नळीची किमान लांबी, कुठे गोळीची किमान ऊर्जा. .२२ सारखी रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन उडणारी) काडतुसे हरणासारख्या मोठ्या शिकारीला जवळपास सगळीकडे निषिद्ध आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तिथे शिशाविरहित, बहुधा तांब्याची एकसंध गोळी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक जवळ ठेवता येते, पण म्हणून तिथे बार काढण्याची मुभा मिळत नाही. त्या वर्षाचे नियमपुस्तक आधी वाचा. यादीतली दोन-तीन नावे तिथेच गळतात.

आकडे कसे वाचायचे

गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, त्यामुळे २४० ग्रेनची गोळी साडेपंधरा ग्रॅमची. वेग फूट प्रति सेकंदात आणि ऊर्जा फूट-पाउंडात असते. ऊर्जा स्वतः काढायची असेल तर ग्रेनमधले वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ ज्यूल.

पण ऊर्जेच्या आकड्यावर भाळू नका. रायफलची गोळी इतक्या वेगाने जाते की भोवतालचे मांस ताणून फाटते. हँडगनच्या बहुतेक गोळ्या हजार ते पंधराशे फुटांच्या वेगाच्या असतात. त्यांच्याभोवतीचे मांस ताणले जाते आणि पुन्हा जागेवर येते. मागे उरते ते फक्त गोळीने प्रत्यक्ष कापलेले भोक. ते किती रुंद आहे, किती खोल गेले, आणि हृदय-फुप्फुसातून गेले की नाही, या तीनच गोष्टींवर सगळे ठरते. दोन काडतुसांच्या ऊर्जेत शंभर फूट-पाउंडांचा फरक असेल तर तो विसरा आणि गोळीची बनावट पाहा.

डब्यावरचा वेग कोणत्या लांबीच्या नळीतून मोजला आहे हेही तपासा. .३५७ मॅग्नमची गोळी सहा इंची नळीऐवजी दोन इंची नळीतून काढली तर सेकंदाला दोनशे फूट किंवा त्याहून जास्त वेग सहज कमी होतो. उरते ते फक्त मोठा आवाज आणि डोळे दिपवणारा जाळ.

कॅलिबरांची रांग

.२२ लाँग रायफल ससा आणि खार यांच्यासाठी आहे आणि त्या कामात तिला तोड नाही. अट एकच: २५ यार्डांवर दीड इंचाच्या वर्तुळात गोळ्या बसल्या पाहिजेत, कारण नेम डोक्यावर धरायचा असतो. बारीक छऱ्यांची काडतुसेही मिळतात, पण ती दहा फुटांच्या आतच कामाची.

९ एमएम, .४० एस अँड डब्ल्यू आणि .४५ एसीपी ही माणसांपासून संरक्षणासाठी घडलेली काडतुसे आहेत. ९ एमएमची १२४ ग्रेनची गोळी ११५० फुटांनी निघते तेव्हा ३६४ फूट-पाउंड ऊर्जा होते; .४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी ८५० फुटांनी निघते तेव्हा ३६९. हरणाच्या शिकारीला ही घेऊ नयेत. मोठी अस्वले नसलेल्या मुलखात बाळगण्यासाठी मात्र, हातात आधीच सरावाची ९ एमएम असेल तर, तिच्यात न पसरणारी, सपाट तोंडाची गोळी भरून काम भागते. नवी बंदूक घेऊन तिच्याशी झगडण्यापेक्षा हे बरे.

.३५७ मॅग्नम १९३५ साली आली आणि आजही पहिली निवड म्हणून तिचेच नाव घ्यावे लागते. १५८ ग्रेनची गोळी १२३५ फुटांनी, म्हणजे ५३५ फूट-पाउंड. पन्नास यार्डांच्या आत मध्यम आकाराचे हरीण तिने नीट पडते, पण नेमात सूट नाही. खांद्याचे जाड हाड फोडून आत जाण्याची अपेक्षा साध्या पोकळ तोंडाच्या गोळीकडून ठेवू नका. काळ्या अस्वलाच्या मुलखात बाळगायची असेल तर १८० ग्रेनची टणक शिशाची गोळी भरावी. हिचा खरा फायदा म्हणजे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये (फिरत्या सिलिंडरमध्ये काडतुसे भरायची हँडगन) .३८ स्पेशल चालते, त्यामुळे स्वस्तात आणि कमी धक्क्यात सराव होतो. यात एक खोच आहे. .३८ ची पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) .३५७ पेक्षा ०.१३५ इंच आखूड असते. पन्नास-शंभर .३८ उडवल्यावर चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, पुंगळीच्या तोंडाशी काजळी आणि शिशाचे कडे साचते. मग .३५७ आत पूर्ण जात नाही, किंवा उडाल्यावर पुंगळी अडकून बसते. लांब काडतुसे भरण्याआधी प्रत्येक चेंबर ब्रशने घासा.

१० एमएम ऑटो १९८३ ची. ब्रेन टेन या पिस्तुलासोबत (बार झाल्यावर पुढचे काडतूस आपोआप चढवणारी हँडगन) आली, ते पिस्तूल लवकरच बंद पडले, पण काडतूस टिकले. १८० ग्रेनची गोळी १२५० फुटांनी गेली तर ६२५ फूट-पाउंड. जड भरणीत (जोरदार दारू आणि जड गोळी) २०० ते २२० ग्रेनची टणक गोळी ११०० ते १२०० फुटांनी जाते. ग्लॉक २० मध्ये अशी पंधरा काडतुसे मावतात, आणि ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी गस्त घालणारे डेन्मार्कचे सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात हेच पिस्तूल बाळगते. सपाट, हलके, भरायला सोपे. पण १० एमएमच्या नावाखाली बाजारात दोन जातींचा माल मिळतो. डब्यावर १८० ग्रेन आणि हजार-साडेदहाशे फूट असे लिहिले असेल तर तुम्ही .४० एस अँड डब्ल्यूच विकत घेत आहात. आणि प्रत्यक्षातले .४० चे काडतूस १० एमएमच्या पिस्तुलात कधीही उडवू नका. ही काडतुसे चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकून बसतात. .४० ची पुंगळी ०.८५० इंच, १० एमएमची ०.९९२. आखूड काडतूस केवळ ओढणीच्या नखावर, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्यावर, लटकून राहते.

.४१ मॅग्नम १९६४ साली आली. २१० ग्रेन, १३०० फूट, ७८८ फूट-पाउंड. हरणासाठी उत्तम, पण काडतुसांची निवड तोकडी. पुंगळीत दारू-गोळी घालून काडतुसे स्वतः बनवत असाल तरच तिच्या वाटेला जा.

.४४ मॅग्नम १९५५ ची. एल्मर कीथ यांनी .४४ स्पेशलमध्ये वर्षानुवर्षे जड भरण्या करून पाहिल्या, त्यातून रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी ती घडवली. २४० ग्रेनची गोळी १३५० फुटांनी, ९७१ फूट-पाउंड. शिकार आणि बाळगणे ही दोन्ही कामे एकाच बंदुकीने करायची असतील, तर आमच्या मते चार ते सहा इंची नळीची .४४ मॅग्नम हेच उत्तर आहे. पण तिचा पूर्ण भरणीचा धक्का तुमचा हात पेलत असेल तरच. हरणाला २४० ग्रेनची पोकळ तोंडाची गोळी, रानडुकराला आणि एल्कला (मोठ्या जातीचे हरीण) २८० ते ३०० ग्रेनची टणक किंवा एकसंध गोळी, सरावाला .४४ स्पेशल.

.४५ कोल्टबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण इथे चूक झाली तर बंदूक फुटते. हे काडतूस १८७३ चे आहे. त्याचा मानक दाब फक्त १४,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड); .४४ मॅग्नमचा ३६,०००. मानक भरणीत २५५ ग्रेनची गोळी ८६० फुटांनी जाते, ४१९ फूट-पाउंड. मात्र रुगर ब्लॅकहॉकसारख्या भक्कम रिव्हॉल्व्हरसाठी सुमारे ३०,००० पीएसआयची काडतुसेही विकली जातात. ती .४४ मॅग्नमच्या तोडीची असतात आणि बाहेरून तंतोतंत मानक काडतुसासारखी दिसतात. डब्यावर ‘+पी’ (जास्त दाबाची खूण) लिहिलेले असले तरी .४५ कोल्टसाठी ‘+पी’चे अधिकृत मानकच नाही, म्हणून त्या अक्षरांवरून काही ठरवता येत नाही. अशी काडतुसे फक्त त्यांच्या उत्पादकाने नावानिशी सांगितलेल्या बंदुकांतच भरा. जुने कोल्ट किंवा त्याच्या नकला घरात असतील तर ही काडतुसे विकतच घेऊ नका. दोन डबे एका कपाटात असले की कधीतरी अदलाबदल होते.

.४५४ कॅसुलचा दाब ६५,००० पीएसआय, ३०० ग्रेनची गोळी १६२५ फुटांनी, १७५९ फूट-पाउंड. त्यात .४५ कोल्टही चालते. त्यापुढे २००३ ची .५०० एस अँड डब्ल्यू आणि २००५ ची .४६० एस अँड डब्ल्यू. ही शिकारीची खास हत्यारे. लांब नळीची बंदूक दोन किलोची भरते आणि कमरेला लावून दिवसभर चालवत नाही. एल्क, मूस, मोठे अस्वल हीच शिकार असेल आणि सरावाला वर्ष द्यायची तयारी असेल तर घ्या. बाळगण्यासाठी घेणारे बहुतेक जण महिन्याभरात ती गाडीत ठेवून फिरू लागतात.

दुर्बीण लावून शंभर यार्डांपलीकडे जायचे असेल तर रिव्हॉल्व्हर सोडून एकबारी पिस्तुलाकडे पाहा. थॉम्प्सन सेंटर कंटेंडर १९६७ पासून याच कामाचे नाव आहे, त्यात .३०-३० सारखी रायफलची काडतुसे चालतात.

गोळी कोणती

पोकळ तोंडाची गोळी मांसात पसरते, भोक रुंद करते आणि लवकर थांबते. हरणाची कातडी पातळ आणि बरगड्या नाजूक, तिथे हेच हवे. रानडुकराच्या खांद्यावर जाड चिवट थर असतो, अस्वलाला चरबी आणि दणकट हाडे असतात. तिथे पसरलेली गोळी अर्ध्यात थांबते. अशा प्राण्याला रुंद सपाट तोंडाची, टणक मिश्रधातूची शिशाची गोळी लागते: न पसरता आरपार जाणारी. दोन भोके पडली की रक्त दोन्हीकडून सांडते आणि माग काढणे सोपे जाते. गोल नाकाची गोळी मात्र टाळा, ती मांस कापत नाही, बाजूला सारत पुढे जाते.

टणक शिसे वापरताना दोन गोष्टी पाहा. नळीच्या व्यासापेक्षा गोळी जरा बारीक असेल तर गरम वायू तिच्या कडेने निसटतो, शिसे वितळून नळीत चिकटते आणि नेम विस्कटतो. आणि ग्लॉकच्या मूळ नळ्यांत नेहमीच्या खाचांऐवजी गोलसर बहुकोनी आटे असतात. त्यांत आवरण नसलेले शिसे उडवू नका असे ग्लॉक स्वतः सांगते. एकतर तांब्याचे आवरण असलेली गोळी घ्या, नाहीतर साध्या आट्यांची वेगळी नळी बसवा.

हात काय म्हणतो

मागचा धक्का कॅलिबरइतकाच बंदुकीच्या वजनावर ठरतो. काडतूस तेच ठेवून बंदुकीचे वजन निम्मे केले की धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. सुमारे ७०० ग्रॅमची स्कँडियम मिश्रधातूची .४४ रिव्हॉल्व्हर खांद्याला जाणवतही नाही, पण पूर्ण भरणीचे सहा बार काढल्यावर तळहात सुजतो, आणि मग कोणी सराव करत नाही. १.१ ते १.३ किलो हे .४४ साठी निभावण्याजोगे वजन आहे.

विकत घेण्याआधी त्याच कॅलिबरची बंदूक उसनी किंवा भाड्याने घेऊन पुढील चाचणी करा. कानाला दुहेरी संरक्षण हवे, आत बोंडे आणि वर कर्णरक्षक, कारण मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या पुढे जातो. रिव्हॉल्व्हर धरताना आधाराच्या हाताची बोटे सिलिंडरच्या तोंडापासून मागे ठेवा. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून निघणारा वायू बोट कापू शकतो. आता मित्राला सहापैकी चार चेंबरांत काडतुसे आणि दोनांत रिकाम्या पुंगळ्या भरायला सांगा. कोणते कुठे हे तुम्हाला कळता कामा नये. रिकाम्या पुंगळीवर घोडा पडताना नळीचे टोक खाली बुडाले तर तुम्ही धक्क्याच्या भीतीने आधीच हात दाबत आहात. हलक्या काडतुसांवर उतरा, दोनशे बार काढा, पुन्हा तपासा. महिन्याभराने टोक बुडतच असेल तर कॅलिबर एक पायरी खाली आणा. .४४ चे चुकलेले भोक .३५७ च्या बसलेल्या भोकाची बरोबरी करत नाही.

अंतर

हरणाच्या हृदय-फुप्फुसाची जागा साधारण आठ इंचांची. त्याच व्यासाची कागदी थाळी लावा. बाकावरून नव्हे, रानात बसाल तसे, गुडघ्यावर कोपर टेकून किंवा झाडाला हात लावून नेम धरा. पाचपैकी पाच गोळ्या थाळीत बसल्या तर पाच यार्ड मागे सरका. एक चुकली की आधीचे अंतर ही तुमची मर्यादा. साध्या नेमकाट्यांवर बहुतेकांची मर्यादा २५ ते ५० यार्डांत सापडते. लाल ठिपक्याचे यंत्र घ्यायचे तर ठिपका चार एमओएपेक्षा (एमओए हे कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) मोठा नको. चार एमओएचा ठिपका पन्नास यार्डांवर दोन इंच झाकतो.

गोळी किती खाली येते हेही पाठ हवे. २४० ग्रेनची .४४ मॅग्नम ५० यार्डांवर बरोबर बसवली तर १०० यार्डांवर सुमारे ५ इंच खाली लागते. मानक .४५ कोल्ट २५ यार्डांवर बसवली तर ५० ला दोन-अडीच इंच, आणि १०० ला १५ इंचांच्या आसपास खाली. यामुळेच .४५ कोल्टची मानक भरणी पन्नास यार्डांपुढे नेऊ नये.

प्राणी पूर्ण आडवा उभा राहीपर्यंत थांबा. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर, छातीच्या खालच्या तृतीयांशात नेम धरा. समोरून, मागून किंवा डोक्यावर हँडगनने बार काढू नये. गोळी बसली आणि प्राणी पळाला तर अर्धा तास जागचे हलू नका, नाहीतर तो उठून आणखी दूर जातो.

बाळगताना

अस्वलाच्या मुलखात पहिले साधन मिरचीचा फवारा, बंदूक दुसरी. अलास्कातील प्रसंगांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपकिरी अस्वलांवर फवारा मारला तेव्हा ९२ टक्के वेळा त्यांचे आक्रमक किंवा नको असलेले वर्तन थांबले. फवाऱ्याला बारीक नेम लागत नाही. दोन्ही बाळगायचे असतील तर जागा ठरलेल्या ठेवा, फवारा डाव्या हाताला आणि बंदूक उजव्या, आणि त्या बदलू नका.

पाठीवर पिशवी असेल तर तिचा कमरपट्टा कमरेच्या होल्स्टरवर येतो. छातीवरचे होल्स्टर घ्या. पिशवी, जाकीट आणि हातमोजे घालून, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, ती बाहेर काढण्याचा सराव करा. दोन सेकंदांत निघत नसेल तर आधी होल्स्टर बदला. अस्वल अंगावर आल्यावर एक फरक उघड होतो: पिस्तुलाचे तोंड त्याच्या अंगाला दाबले गेले तर स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे सरकून बार अडू शकतो, रिव्हॉल्व्हर दाबूनही उडते. उलट पिस्तुलात काडतुसे दुपटीहून अधिक असतात. पिस्तुलात जड भरणी वापरायची तर मनगट घट्ट हवे. मनगट ढिले पडले तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुढचे काडतूस अडकते. बाळगण्याच्या त्याच काडतुसांचे निदान शंभर बार विनाअडथळा निघेपर्यंत त्या जोडीवर विसंबू नका.

रिव्हॉल्व्हरही अडते. हलक्या बंदुकीत जड गोळ्या उडवल्या की धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. गोळीचे टोक सिलिंडरच्या बाहेर आले की सिलिंडर फिरत नाही, आणि ते रानात मोकळे करता येत नाही. तपासणी सोपी आहे: सहावे काडतूस कॅलिपरने मोजा, खूण करा, बाकी पाच उडवा, सहावे पुन्हा मोजा. एक-दोन सहस्रांश इंचांहून जास्त लांब झाले असेल तर ती काडतुसे त्या बंदुकीत नको. सिंगल ॲक्शन (दर वेळी घोडा अंगठ्याने ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरचा आस धक्क्याने पुढे सरकतो का तेही पाहा. सरकत असेल तर त्याच्या खिट्टीची स्प्रिंग जास्त ताठ बसवून घ्या.

पिस्तुलात नेमके उलटे घडते. रोज रात्री खाली करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवले की दर वेळी गोळी चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर आपटते आणि पुंगळीत आत दबते. जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि १० एमएमचा मूळ दाबच ३७,५०० पीएसआय आहे. वरचे काडतूस दर वेळी बदलत राहा, त्याच डब्यातल्या कोऱ्या काडतुसाशेजारी उभे करून पाहा, आणि आखूड दिसलेले बाजूला काढा.